जवळ बसणाऱ्यांचा इतिहास

दारूवर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. दारू पिणाऱ्याशी बोलणारे फार थोडे. पहिल्या वर्गात मोठमोठी माणसे आहेत. पुण्यात दारूची दुकाने वाढत चालली तेव्हा १८८० साली जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातील तरुण मंडळी गुत्त्यांपुढे उभी राहून गिऱ्हाइकांना हात जोडू लागली. गाडगेबाबांनी तर आयुष्यभर कीर्तनातून हा विषय सोडला नाही. मग स्वराज्यात मुंबई राज्याने १९४९ चा कायदा केला आणि १९५० साली संपूर्ण दारूबंदी आली. प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरी दाखल्यावर पिण्याचा परवाना मात्र मिळत असे. ज्याच्याजवळ पैसा होता त्याला दाखला मिळाला, आणि गिरणीतल्या माणसाला हातभट्टी मिळाली. पोलीस आले, जमादार आले, धाडी आल्या. पण ज्याचा हात सकाळी पेला धरल्याखेरीज थरथरायचा थांबत नाही, त्याच्या जवळ जाऊन कोणी बसायचे, याची तरतूद त्या कायद्यात आम्हांला तरी कोठे आढळली नाही.

आम्ही कामगार संघटनेत काम करणारी माणसे. पुस्तकी शिक्षण बेताचेच. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटल्यावर. आमच्याकडे हा प्रश्न व्याख्यानाच्या रूपाने येत नाही, आरोपपत्राच्या रूपाने येतो. सोमवारचा खाडा, पगारानंतरचे तीन खाडे, तापाचा खोटा दाखला, फोरमनशी हुज्जत, आणि शेवटी खातेनिहाय चौकशी. चौकशीत आम्ही कामगाराच्या बाजूने उभे राहतो, नियमावर बोट ठेवतो, शिक्षा कमी करून घेतो. त्याची बायको दाराशी उभी असते. ती आमचे आभार मानत नाही. नोकरी राहिली म्हणजे पगार राहिला, आणि पगार राहिला म्हणजे गुत्त्याची वाट राहिली, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळते. नोकरी कशी वाचवावी हे कायद्याच्या पुस्तकात आहे. त्या माणसाचे पुढे काय करावे ते त्यात नाही. म्हणून आम्ही ते दुसरीकडे शोधू लागलो, आणि शोधता शोधता एका धंद्याच्या इतिहासापाशी येऊन पोचलो.

या धंद्याला आज समुपदेशन म्हणतात. शब्द भारदस्त आहे. त्यात ‘उपदेश’ घुसून बसला आहे ही मोठी गंमत. कारण या कामात जे मुळीच करायचे नाही, ते नेमके तेच आहे. असो. व्यसनी माणसाजवळ बसणाऱ्याचा हा धंदा डॉक्टरांनी काढलेला नाही, धर्मोपदेशकांनी नाही आणि विद्यापीठांनी तर नाहीच. तो पिणाऱ्यांनीच काढला. त्याचा सलग, नोंदलेला माग काढायचा तर अमेरिकेत जावे लागते.

१८४० सालच्या एप्रिलात बाल्टिमोर शहरातील एका गुत्त्यात सहा पिणारे दोस्त बसले होते. गावात दारूबंदीवर व्याख्यान होते. त्याची टिंगल करण्यासाठी त्यांनी आपल्यातल्या काहींना ते ऐकायला धाडले, आणि शेवट असा झाला की सहाही जणांनी दारू सोडण्याची शपथ लिहून काढली. त्यांनी मंडळ स्थापले, त्याला वॉशिंग्टनचे नाव दिले, प्रवेशवर्गणी पंचवीस सेंट ठेवली आणि मासिक वर्गणी साडेबारा सेंट. वर्गणीचा आकडा आम्ही मुद्दाम सांगतो. ज्या मंडळाला वर्गणी असते ते मंडळ कशाला म्हणतात ते आम्हांला कळते. त्यांचा नियम साधा होता: सभेत व्याख्यान नको, प्रत्येकाने स्वतःची हकीकत सांगावी, आणि पुढच्या सभेला येताना एक पिणारा बरोबर आणावा. थोड्याच वर्षांत लाखो लोकांनी ती शपथ घेतली असे सांगितले जाई. पण दहा वर्षांच्या आत हे सारे ओसरले. दारूबंदीच्या राजकारणात मंडळ ओढले गेले, नामांकित वक्ते पैसे घेऊन गावोगाव हकीकती सांगू लागले, आणि रोज संध्याकाळी नव्या माणसाजवळ बसायचे जे मूळ काम, ते कोणाचेच राहिले नाही. सभा मोठी झाली की शाखा ओस पडते, हा अनुभव आमच्या चळवळीलाही नवा नाही.

पुढचा टप्पा बोस्टनचा. तेथील इमॅन्युएल चर्चमध्ये १९०६ पासून धर्मोपदेशक वूस्टर आणि काही डॉक्टर मिळून मनाच्या दुखण्यांवर उपचार करीत. तेथे कोर्टनी बेलर नावाचा मद्यपी रुग्ण म्हणून आला, बरा झाला आणि तेथेच पगारावर कामाला लागला. १९१९ साली त्याने आपल्या पद्धतीवर पुस्तकही लिहिले. डॉक्टर नाही, पाद्री नाही, आणि तरी याच कामाचा पगार घेणारा असा हा अगदी सुरुवातीचा माणूस. पण तो एकटा होता. एकट्याचा धंदा होत नाही.

धंदा उभा राहिला तो अॅक्रन शहरात. अॅक्रन म्हणजे रबराचे गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच या कंपन्यांची धुराडी तेथे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारी मनुष्य एका यंत्रकंपनीच्या मतांच्या झगड्यासाठी तेथे आला होता. डाव फसला. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो उभा, खिशात थोडेच पैसे, आणि एका बाजूने दारूच्या बारमधला गलबला ऐकू येत होता. त्याला उमगले की आपण वाचायचे असेल तर या घटकेला आपल्याला दुसरा एखादा पिणारा भेटला पाहिजे. त्याला वाचवण्यासाठी नव्हे, आपण वाचण्यासाठी. त्याने पाद्र्यांना फोन केले, आणि फोनावरून फोन करीत तो डॉक्टर रॉबर्ट स्मिथपर्यंत पोचला. डॉक्टर स्मिथ शल्यचिकित्सक; पिऊन पिऊन धंदा बुडत आलेला. गुडइयर कंपनी काढणाऱ्या सायबर्लिंगच्या वाड्याच्या फाटकाशी असलेल्या घरात १२ मे रोजी दोघांची गाठ पडली. स्मिथ पंधरा मिनिटांच्या कबुलीवर आला होता. तो सहा तासांनी उठला. आजवर त्याला समजावणारे पुष्कळ भेटले होते. या पाहुण्याने समजावले नाही, स्वतःचे सांगितले. त्यानंतर डॉक्टर एकदा घसरला, आणि १० जूनला शेवटचा घोट घेतला. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना आपला जन्मदिवस तोच मानते.

याच अॅक्रनमध्ये, याच वर्षी सप्टेंबरात, रबर कामगारांची अमेरिकाभरची युनियन स्थापन झाली, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी गुडइयरच्या कामगारांनी गाजलेला संप केला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असे आम्ही म्हणत नाही; तसा पुरावा नाही. परंतु एकाच गावात एकाच वर्षी काही माणसे कारखान्याच्या दारात आणि काही माणसे इस्पितळाच्या खाटेशी एकच गोष्ट शिकत होती, एवढे मनात येते खरे.

पुढे लगेच पैशाचा प्रश्न आला. ज्या टाउन्स इस्पितळात विल्सनची दारू सुटली, त्याच्या मालकाने १९३६ साली त्याला नोकरी देऊ केली: येथे बैस, मद्यपींशी बोल, खोली देतो, पैसे देतो, नफ्यातही वाटा देतो. विल्सन बेकार होता. बायको दुकानात नोकरी करून घर चालवीत होती. तो आनंदाने घरी आला आणि बैठकीत मंडळींना ही बातमी सांगितली. मंडळींनी मान हलवली. जे आम्हांला फुकट मिळाले ते तू विकणार काय, असा त्यांचा सवाल होता. विल्सनने नोकरी नाकारली.

हा प्रसंग आम्ही अनेकदा वाचला आहे. कारण युनियनच्या पूर्णवेळ कार्यकर्त्याने मानधन घ्यावे की नाही, हा वाद आमच्याकडे दर दोन वर्षांनी निघतोच. आमचे मत असे की त्या बैठकीचे अर्धे बरोबर होते. बरे झालेल्याने न झालेल्याला आपली हकीकत सांगणे, याला भाव लावता येत नाही. पण सकाळी आठपासून वॉर्डात बसणे, रात्री ओकणाऱ्याचे डोके धरणे, नातेवाइकांशी बोलणे, नोंदी ठेवणे, हे श्रम आहेत. आणि श्रमाला वेतन नसेल तर ते काम एक तर श्रीमंताकडे जाते, नाही तर कोणाकडेच नाही. त्या संघटनेनेही हे पुढे ओळखले. आमचे मूळ काम बिनपगारीच राहील, पण आमच्या कार्यालयांत पगारी माणसे ठेवता येतील, असा नियम तिने केला.

या दोन गोष्टी एकत्र आणल्या त्या मिनेसोटा राज्याने. विलमार येथे १९१२ पासून मद्यपींसाठी सरकारी इस्पितळ होते. कालांतराने ते वेड्यांचे इस्पितळही झाले. १९५० साली डॉक्टर नेल्सन ब्रॅडली तेथे प्रमुख झाले. त्यांच्या जोडीला डॅन अँडरसन, जो पूर्वी अशाच इस्पितळात साधा वॉर्डातला नोकर होता. त्यांनी मद्यपींना वेगळ्या विभागात ठेवले, दाराची कुलुपे काढली. आणि पळून जाणाऱ्यांची संख्या वाढण्याऐवजी घटली. मग त्यांनी त्याहून धाडसाची गोष्ट केली: स्वतः दारू सोडलेली माणसे नोकरीवर घेण्याचे ठरवले. सरकारी इस्पितळात पदवी नसलेला, पूर्वीचा दारुडा, डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ यांच्या टेबलाला बसणार! कुरकुर झालीच. पण १९५४ साली मिनेसोटाच्या नोकरभरती मंडळाने ‘मद्यासक्ती समुपदेशक’ असे पद रीतसर निर्माण केले.

पद निर्माण होणे याचा अर्थ शिकलेल्या माणसाला चटकन कळत नाही; कामगाराला कळतो. पद म्हणजे वेतनश्रेणी, पद म्हणजे रजा, पद म्हणजे काढून टाकण्यापूर्वी नोटीस. एका माणसाची सारी बेअब्रू जी होती, तीच या पदासाठी त्याची लायकी ठरली. ही पद्धत पुढे हेझल्डन या खाजगी संस्थेत गेली, आणि तेथून जगभर.

अमेरिकेतील कामगार संघटनांचाही यात हात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सी.आय.ओ. या महासंघाने लिओ पर्लिस यांच्या पुढाकाराने कारखान्यांतील साध्या कामगारांना ‘युनियन समुपदेशक’ म्हणून तयार केले. आजारपण, कर्ज, घरचे भांडण, दारू, काहीही असो. सोबत्याला नीट ऐकून घ्यायचे आणि योग्य ठिकाणी पोचवायचे, एवढेच त्याचे काम. शेवटी १९७० साली अमेरिकेच्या संसदेने मद्यासक्तीवरील उपचारांसाठी कायदा केला. तो रेटणारे सिनेटर हॅरॉल्ड ह्यूज हे एके काळचे ट्रकचालक, आणि एके काळचे मद्यपी.

येथे एक काळी बाजू सांगितलीच पाहिजे. ‘जो त्यातून गेला तोच जाणे’ हे तत्त्व लगाम नसला तर कोठे जाते, ते कॅलिफोर्नियात दिसले. १९५८ साली चार्ल्स डेडरिक याने सिनॅनन नावाची वसाहत काढली. हेरॉइनवाले तेथे येऊन राहत आणि एकमेकांवर तोंडसुख घेऊन एकमेकांना ‘शुद्ध’ करीत. आरंभी तिची फार वाहवा झाली. पण वर कोणी तपासणारे नाही, हिशेब विचारणारे नाही. होता होता मालकाची इच्छा हाच उपचार झाला. १९७८ साली संस्थेविरुद्ध खटला जिंकणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप सोडण्यापर्यंत मजल गेली. आजही आपल्याकडे मारहाण करणारी, साखळीने बांधणारी केंद्रे अधूनमधून वर्तमानपत्रांत झळकतात, तेव्हा हे नाव आठवावे. अनुभव हे भांडवल आहे, परवाना नव्हे.

आता आपल्याकडे येऊ. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका भारतात १९५७ पासून सुरू झाल्या. मुंबईत दारूबंदीचा अंमल असतानाच हे लोक जमत होते. पण सर्वसाधारण महाराष्ट्राचे डोळे उघडले ते गर्दने. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबईत ही तपकिरी पूड पसरली. तीच वर्षे गिरण्यांच्या संपाचीही होती. जानेवारी १९८२ मध्ये अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळसे पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा झाला. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये पुढे केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. त्याचा कणा होत्या डॉक्टर अनिता अवचट. १९९७ साली त्या गेल्या. पण त्यांनी घातलेली घडी राहिली. तेथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. विलमारची गोष्ट येरवड्यात कोणी वाचली होती किंवा नव्हती, हे महत्त्वाचे नाही. काम हाती घेतले की हात त्याच जागी जातो. रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट तेथे निघाला, ही गोष्ट आम्हांला सर्वांत मोठी वाटते. चौकशीच्या वेळी दाराशी उभी राहणारी ती बाई प्रथमच आत येऊन बसली.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते? आम्ही ज्या समुपदेशकांना पाहिले, त्यांत एक गुण सारखा आढळला. ते ‘का पितोस?’ असे विचारीत नाहीत. त्या प्रश्नाला दारुड्याजवळ शंभर उत्तरे तयार असतात. ते विचारतात, ‘काल किती वाजता घेतलीस? बरोबर कोण होते? त्याआधी काय झाले होते?’ साचा बंद का पडतो हे पाहणारा फिटर असेच विचारतो. पगाराचा दिवस कसा घालवायचा, लग्नाच्या वरातीत कोणाशेजारी चालायचे, घरी जाताना कोणता रस्ता टाळायचा, असल्या बारीकसारीक गोष्टी ते बसून ठरवतात. आणि माणूस घसरलाच, तर ‘पुन्हा ये’ म्हणतात. हे शेवटचे फार अवघड आहे, कारण समुपदेशकालाही राग असतो, आणि जो स्वतः त्यातून आला त्याला तर त्या घसरणीत आपलीच चाहूल लागते.

पदवी नसलेल्या माणसाला हे शिकवता येते काय, याची रीतसर परीक्षा गोव्यात झाली. संगाथ या संस्थेने तेथील दहा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक पिणाऱ्या पुरुषांसाठी साधे, वैद्यकाचे शिक्षण नसलेले स्थानिक समुपदेशक तयार केले. प्रत्येकाशी जास्तीत जास्त चार बैठका. तीनशे सत्त्याहत्तर माणसांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला नेहमीची सेवा, दुसऱ्याला त्याखेरीज या बैठका. तीन महिन्यांनंतर बैठका मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, दुसऱ्या गटातले २६ टक्के. चौदा दिवस अजिबात न प्यालेले पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८. हा निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. फरक डोळे दिपवणारा नाही, पण तो चार बैठकांचा आहे. येथे एक भेद लक्षात ठेवावा: गोव्याचे समुपदेशक पूर्वीचे पिणारे म्हणून निवडलेले नव्हते. म्हणजे त्यातून गेलेलाच हे काम करू शकतो, हा दावाही पुरता खरा नाही. ऐकून घेणारा पाहिजे, शिकवलेला पाहिजे आणि त्याच्यावर कोणाची तरी नजर पाहिजे.

गरज केवढी आहे? २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे देशात ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना दारूमुळे मदतीची गरज होती. आणि दारूच्या पुरते आहारी गेलेल्या अडतीस जणांत एकालाच काही उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीसांजवळ बसायला लाखो डॉक्टर कोठून आणणार?

आणि जे आज बसतात त्यांची स्थिती काय? अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांतील काही समुपदेशक आमच्या कचेरीत येऊन गेले आहेत. हाती मिळते त्याला वेतन नव्हे, मानधन म्हणतात. अनुदान रखडले की मानधन रखडते. सहा सहा महिने. नेमणूक अकरा महिन्यांची. रात्रपाळीला जादा काही नाही. त्यांतला एक जण बारा वर्षे न पिता राहिलेला. तो म्हणाला, रुग्णाला मी सांगतो की रिकामा खिसा आणि रिकामा वेळ यांपासून सांभाळ, आणि महिनाअखेर माझाच खिसा रिकामा असतो. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतील पूरक व्यवसायांसाठी कायदा केला. त्यात समुपदेशकांचाही वर्ग आहे. तेथे नोंदणीचा आधार शिक्षण. मिनेसोटाने १९५४ साली ज्या माणसासाठी पद काढले, तो माणूस या नोंदवहीत कोणत्या रकान्यात बसतो, असा प्रश्न त्या बारा वर्षेवाल्याने आम्हांला विचारला. आम्ही त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला आहे. त्याच्याबरोबर आणखी नऊ जणांच्या सह्या आहेत, आणि पुढच्या महिन्यापासून त्यांची वर्गणी सुरू होईल.